जुन्या जीपगाडीचा रेडिएटर बदलण्यापूर्वीं

आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत ट्रॅक्टरच्या शेजारीं एखादी जुनी जीपगाडी उभी असते. बीं-बियाणें, खताचीं पोतीं, भाजीच्या पाट्या, प्रसंगीं आजारी माणूस, हें सर्व ती वाहते. आणि जेथें दुसरी गाडी चिखलांत रुतून बसते तेथून ती चारी चाकांच्या बळावर निघून येते. अशा गाडीचें इंजिन तापूं लागलें म्हणजे मालकाला पहिला सल्ला मिळतो तो हा, कीं "रेडिएटर गेला, नवा टाका." हा सल्ला कांहीं वेळां खरा असतो व कांहीं वेळां खोटा असतो. तो केव्हां खरा मानावा, आणि खरा ठरल्यास नवा रेडिएटर कसा पारखून घ्यावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों व आतां घरची शेती पाहतों. परंतु या विषयांत आम्हीं एक चूक केली, आणि तिचें मोल दुसऱ्याच्या जिवानें चुकतें करण्याची वेळ आली होती. ती हकीकत आधीं सांगतों.

२०१९ सालच्या उन्हाळ्यांत आमची डिझेल जीप घाट चढतांना तापूं लागली. कारागिरानें वरवर पाहून रेडिएटर बाद ठरविला. आम्हीं होकार दिला, नवा बसविला, जुना त्यानेंच ठेवून घेतला. महिन्याभरांतच आमच्या शेतावरील एका गड्याला सर्पदंश झाला. त्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालों तों घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पाणी उकळून वाफ बाहेर आली व गाडी उभी राहिली. दैवानें मागून दुधाचा टेंपो आला, त्यांत रोग्याला घातलें, आणि तो वांचला. पुढें चौकशी करतां दोन गोष्टी उघड झाल्या. मूळचा दोष रेडिएटरचा नव्हताच, थर्मोस्टॅट अर्धवट अडकून बसला होता. आणि नवा बसविलेला रेडिएटर पेट्रोल गाडीच्या मापाचा, दोन ओळींचा होता. ज्या मनुष्यानें उभ्या नोकरींत जागेची पाहणी झाल्याखेरीज कागदावर शेरा मारला नाहीं, त्यानें स्वतःच्या गाडीच्या बाबतींत मात्र न पाहतां सही केली होती!

रेडिएटरचें काम

इंजिनांत जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकीं सुमारें तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर न्यावा लागतो. इंजिनाभोंवतीं फिरून तापलेलें पाणी वरच्या टाकींत येतें, जाळीच्या चपट्या नळ्यांतून खालीं उतरतें, आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून वाहणारी हवा त्याची उष्णता हिरावून घेते. म्हणजे काम तिघांचें आहे: पाणी फिरलें पाहिजे, हवा वाहिली पाहिजे, आणि दोहोंमधील धातूनें उष्णता पोंचविली पाहिजे. यांपैकीं एकानें काम टाकलें तरी गाडी तापते. शेतांत व घाटांत जीप सावकाश चालते, त्यामुळें वाऱ्याचा आपोआप मिळणारा झोत नसतो; सारी भिस्त पंख्यावर असते. रस्त्यावर ठीक चालणारी गाडी नांगरटीच्या रानांत तापते याचें कारण हेंच.

बदलण्यापूर्वीं पाहणी

पुढील पाहणी मालकानें स्वतः उभें राहून करवून घ्यावी.

१. गाडी हळू चालतांना किंवा उभी असतांना तापते व वेगांत निवते, तर दोष बहुधा हवेचा आहे. पंख्याचा पट्टा सैल आहे काय, पात्या उलट्या बसविल्या आहेत काय, पंख्याभोंवतालचें पत्र्याचें कडें काढून टाकलें आहे काय, हें पाहावें. तें कडें पुष्कळ गाड्यांत दुरुस्तीच्या वेळीं निघतें तें पुन्हां बसत नाहीं. आणि तें नसलें म्हणजे पंखा जाळींतून हवा न ओढतां आजूबाजूची हवाच घुसळीत राहतो.

२. उलट, उभी असतांना ठीक व वेगांत किंवा ओझ्याखालीं तापते, तर पाणी नीट फिरत नाहीं किंवा जाळी चोंदली आहे असा संशय घ्यावा.

३. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यांत दोऱ्यानें टांगावा व पाणी तापवावें. त्यावर ठोकलेल्या आंकड्याच्या आसपास, पुष्कळ ठिकाणीं हा आंकडा ८२ अंश असतो, तो उघडूं लागला पाहिजे व पुढें पूर्ण उघडला पाहिजे. न उघडल्यास नवा घालावा. कित्येक कारागीर तो अजिबात काढून टाकतात. तसें करूं नये. इंजिन वेळेवर तापत नाहीं, तेल अधिक जळतें व झीज वाढते.

४. थंड इंजिनावर झांकण काढून इंजिन सुरू करावें. पाण्यांतून एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर हेडखालचें गॅस्केट फुटून जळता वायू पाण्यांत शिरत असण्याचा संभव आहे. अशा गाडीला दहा रेडिएटर घातले तरी गुण येणार नाहीं.

५. जाळीच्या पत्र्यांत भुसा, गवताचें बीं, किडे व चिखल बसला असल्यास इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस मंद धारेनें पाणी सोडून ती धुवावी. जोराच्या धारेनें पत्रे वांकतात व हवेची वाट कायमची बंद होते.

६. शेवटीं जाळीची आंतली तपासणी. रेडिएटर उतरवून खालचें तोंड बंद करावें व मापानें मोजून पाणी भरावें. गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापापेक्षां बरेंच कमी पाणी मावलें, तर आंत क्षार सांचला आहे. मग तोंड एकदम उघडावें. धार तोंडभर व जोरानें पडली पाहिजे. रडतखडत पडली तर नळ्या बुजल्या आहेत.

विंधनविहिरीचें जड पाणी वर्षानुवर्षें भरल्याचा हा परिणाम असतो. चहाच्या भांड्याच्या बुडाशीं जो पांढरा थर बसतो तोच नळ्यांतहि बसतो, आणि तो उष्णता अडवून धरतो.

या सहा गोष्टींनंतरहि दोष रेडिएटरकडेच राहिला, तरच पुढील विचार करावा.

माप

जीपगाडी मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या कंपन्यांनीं ती सहा लाखांहून अधिक बनविली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीनें आपल्या देशांत तिची जोडणी सुरू केली. विलीजच्या नमुन्याच्या गाड्यांत सुमारें २.२ लिटरचें पेट्रोल इंजिन असे. पुढें एमएम ५४० सारख्या गाड्यांत प्यूजोच्या नमुन्याचें २.१ लिटरचें डिझेल इंजिन आलें. शिवाय कित्येक मालकांनीं जुन्या पेट्रोल गाडींत दुसरेंच डिझेल इंजिन बसवून घेतलें आहे. तेव्हां "जीपचा रेडिएटर द्या" एवढें सांगून भागत नाहीं. सांगाडा कोणत्या गाडीचा हें नव्हे, तर इंजिन कोणतें आहे यावरून रेडिएटर ठरवावा.

दुकानांत जातांना कागदावर इतकें टिपून न्यावें: जाळीची उंची, रुंदी व जाडी, नळ्यांच्या ओळी किती, वरच्या व खालच्या तोंडाचा व्यास आणि तीं डावीकडे कीं उजवीकडे, बोल्टच्या भोकांमधील अंतर, आणि पंख्याच्या पात्यांपासून जाळीपर्यंतची मोकळी जागा. शक्य तर जुना रेडिएटरच बरोबर न्यावा.

जास्त ओळी म्हणजे जास्त थंडावा, हा समज अर्धाच खरा आहे. मागच्या ओळीला पुढच्या ओळींनीं तापविलेली हवा मिळते, आणि जाळी जितकी जाड तितकी हवा ओढणें पंख्याला जड जातें. दोनांच्या तीन ओळी केल्यानें चांगला गुण येतो. पंखा दुबळा असतां चार-पांच केल्यानें तसा येत नाहीं. पत्रेहि फार दाट असूं नयेत. शहरांतील गाडीला ते चालतात. शेतांतील धुळीनें व भुशानें ते एका हंगामांत चोंदतात.

तांबें-पितळ कीं अॅल्युमिनियम

जुन्या पद्धतीच्या रेडिएटरच्या नळ्या व टाक्या पितळेच्या, पत्रे तांब्याचे व सांधे डाखाचे असतात. नव्या पद्धतीचे अॅल्युमिनियमचे असून कित्येकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. तांबें उष्णता अधिक चांगली वाहून नेतें हें खरें. पण अॅल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद करतां येतात व त्यांवर डाखाचा थर नसतो, म्हणून थंडाव्यांत चांगल्या बनावटीचा अॅल्युमिनियमचा रेडिएटर मागें पडत नाहीं. तो वजनालाहि हलका असतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. पितळी रेडिएटर गळूं लागला तर तालुक्याच्या गांवीं डाख लावून तो त्याच दिवशीं परत मिळतो. एखादी नळी फुटली तर ती दोन्ही तोंडांशीं बंद करून काम भागतें. अॅल्युमिनियमला असा डाख बसत नाहीं, आणि प्लास्टिकची टाकी तडकली म्हणजे बहुधा सर्वच बदलावें लागतें. ज्याची गाडी आडरानांत चालते व ज्याच्या गांवाजवळ जुना कारागीर आहे, त्यानें तांब्या-पितळेचाच घ्यावा असें आमचें मत आहे. जुन्या टाक्या शाबूत असतील तर त्याच ठेवून मधली जाळी तेवढी नवी घालून घेणें सर्वांत बरें. तोंडें व भोकें जागच्या जागीं राहतात. आम्हीं अखेरीस तीन ओळींची जाळी करवून घेतली, ती अशीच.

विकत घेतांना वजनकांटा वापरावा. एकाच मापाच्या दोन पितळी रेडिएटरांपैकीं एक बराच हलका भरला, तर त्यांत पत्रा पातळ किंवा नळ्या कमी आहेत. आणि जुन्याची मोड किलोवर विकली जाते हें विसरूं नये. ती परत मागावी किंवा तिची किंमत वजा करून घ्यावी.

झांकण, पाणी व सावधगिरी

रेडिएटरचें झांकण दाब धरून ठेवतें. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला म्हणजे पाण्याचा उकळबिंदू सुमारें दीड अंशानें वाढतो. सात पौंडांच्या झांकणाखालीं पाणी सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. उलट, उंचावर उघडें पाणी लवकर उकळतें. महाबळेश्वरीं, सुमारें १,३७० मीटर उंचीवर, तें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. म्हणून झांकणाचें रबर शाबूत असावें. परंतु अधिक दाबाचें झांकण घालून दोष झांकूं नये. जुने सांधे उकलतात. गरम रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. उसळणाऱ्या पाण्यानें तोंड व हात भाजतात.

नव्या रेडिएटरांत विहिरीचें पाणी घालूं नये. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. आपल्याकडे पाणी गोठण्याचें भय नसलें तरी कूलंटमधील द्रव्यें गंज थांबवितात. निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करूं नयेत. विशेष म्हणजे, काढलेला कूलंट गोठ्याजवळ किंवा चारींत ओतूं नये. त्यांत बहुधा असणारें एथिलीन ग्लायकोल गोडसर पण विषारी असतें. जनावरें व कुत्रीं तें पितात आणि मरतात.

बसवितांना बोल्टखालीं रबराच्या चकत्या घालाव्या. जीपचा सांगाडा खाचखळग्यांत पिळवटतो, व रबर नसल्यास तो पीळ सांध्यांवर येतो. पाणी सावकाश भरून, इंजिन चालवून, आंतली हवा निघूं द्यावी व पातळी पुन्हां पाहावी. मग ओळखीच्या चढावर ओझें घालून गाडी एकदां चालवून पाहावी. ही परीक्षा निवांत दिवशीं करावी. आमच्याप्रमाणें रोगी गाडींत असतांना नव्हे.

तो गडी आजहि आमच्याकडे कामाला आहे. उन्हाळा लागला म्हणजे गाडी बाहेर काढण्यापूर्वीं तो स्वतः झांकण उघडून पाणी पाहतो व पट्टा अंगठ्यानें दाबून बघतो. त्याला हें कोणीं शिकविलें नाहीं. शेतकरी बंधूंनीं निदान एवढी पाहणी दर आठवड्यास करावी, आणि मोठा खर्च मांडण्यापूर्वीं वरील सहा गोष्टी आपल्या डोळ्यांनीं पाहून घ्याव्या, इतकीच विनंती आहे.