नवजात अर्भकातील जन्मजात आंत्रविकृती : गुटी देण्यापूर्वी

भर पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातील एका पाड्यावरून तीन दिवसांचे बालक आमच्याकडे आणले गेले. पोट फुगलेले, वांती हिरवी, जन्मापासून मलप्रवृत्ती नाही. पोट साफ व्हावे म्हणून घरच्यांनी दोन दिवस एरंडेल व गुटी दिली होती. शस्त्रक्रिया होऊन बालक वाचले. परंतु वाया गेलेले ते दोन दिवस या लेखास निमित्त झाले.

शास्त्रविचार : सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात जन्मबलप्रवृत्त व्याधींचा स्वतंत्र वर्ग सांगितला आहे. चिकित्सास्थानाच्या १४ व्या अध्यायात बद्धगुद व परिस्रावी उदरात उदरपाटन करण्याचा आणि विदीर्ण आतडे काळ्या मुंग्यांच्या दंशाने सांधण्याचा विधी आहे. आंत्रावरोधात शस्त्रकर्माचा विचार हा आपल्याच शास्त्राचा आहे. संनिरुद्धगुद मात्र वेगधारणाने होणारा क्षुद्ररोग होय. जन्मजात गुदद्वाराभावाशी त्याची गल्लत करू नये.

प्रमुख प्रकार :
१) गुदद्वाराभाव – सुमारे ५,००० जन्मांत एक. निदान केवळ दर्शनाने होते. पाहिलेच नाही तर राहून जाते.
२) हिर्शस्प्रुंग व्याधी – १८८६ मध्ये डॅनिश वैद्य हिर्शस्प्रुंग यांनी वर्णिलेला. मोठ्या आतड्याच्या अंतिम भागात मज्जापेशी नसल्याने मल पुढे सरकत नाही.
३) लहान आतड्याचा मार्ग बंद असणे – आरंभीचा भाग बंद असल्यास क्ष-किरण चित्रात हवेचे दोन बुडबुडे दिसतात. अशा बालकांपैकी सुमारे एक तृतीयांशांत डाउन सिंड्रोम आढळतो.
४) आतड्यास पीळ – गर्भावस्थेत आतडे २७० अंशांत फिरून स्थिरावते. हे फिरणे अपुरे राहिल्यास पुढे पीळ पडून रक्तपुरवठा तुटतो व काही तासांत आतडे मृत होते. आरंभी पोट मऊ असू शकते. त्यावर विसंबू नये.

लक्षणे : हिरवी वांती ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत शस्त्रसाध्य अवरोधच समजावी. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बालकांस पहिली काळी शी २४ तासांत होते. ४८ तासांनंतरही न झाल्यास तपासणी अनिवार्य.

कर्तव्य : तोंडाने काहीही देऊ नये, गुटी, मध, एरंडेल, वावडिंगाचे पाणी, सर्व वर्ज्य. नाकातून जठरात नळी घालून ती उघडी ठेवावी. बालकास मातेच्या अंगाशी उबेत ठेवून, लक्षणांच्या वेळा लिहून, १०८ रुग्णवाहिकेने बालशल्यचिकित्सा उपलब्ध असलेल्या रुग्णालयी पाठवावे. आजारी नवजातास शासकीय रुग्णालयात मोफत उपचार व वाहन देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, हे कुटुंबास आवर्जून सांगावे. कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईस जावे की नाशिकास, हे दूरध्वनीवर विचारूनच ठरवावे. दारोदार फिरण्यात वेळ जातो.

औषधविक्रेत्या बंधूंनी नवजातासाठी बाळगुटी मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : शी झाली का? वांती हिरवी आहे का? पोट फुगले आहे का? एकही उत्तर शंकास्पद असल्यास बाटली न देता वैद्याकडे धाडावे.

ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा दोष माता स्वतःकडे घेते. तो तिचा नाही, हे आपणच तिला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कोठे औषध द्यावे यासोबत कोठे देऊ नये हे जाणणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे.