दुधाची दाढ आणि न मोजलेली लांबी

"दुधाची दाढ आहे ताई, पडणारच की ती," असं म्हणणाऱ्या डॉक्टरच्या खुर्चीत आपलं मूल बसवू नका. हे मी रागात लिहितेय आणि राग ओसरायची वाट बघणार नाही.

मुलगी सहा वर्षांची. खालची मागची दाढ किडली होती, रात्र रात्र रडायची. वेल्ह्याहून नसरापूर, मग कात्रज म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून जवळच्याच एका दवाखान्यात रूट कॅनाल करायचं ठरलं. मी तेव्हाच विचारलं होतं, "एक्स-रे नाही काढायचा?" उत्तर आलं, "एवढ्याशा पोरीला कशाला? मला हाताला कळतं."

पुढे हिरडीवर पुवाची पुळी आली, गाल सुजला. परत गेलो तर म्हणे, मुलीनेच तोंड हलवलं असेल. पैसे घेताना ती शहाणी होती! वर गोळ्या लिहून दिल्या.

शेवटी पुण्यात, कात्रजला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात पुढे येणाऱ्या पक्क्या दाताचा कोंब, आणि एका मुळाच्या टोकातून बाहेर सांडलेली पांढरी पेस्ट त्याच्या अगदी कडेला. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट ठेवलं. मला घाम फुटला. हाताला कळतं म्हणणाऱ्याला हे कळलं नव्हतं. ती दाढ काढावीच लागली. पक्का दात डाग घेऊन येतो की नीट, हे तो उगवल्यावरच कळणार, म्हणजे अकरा-बारा वर्षांची झाल्यावर.

दुसऱ्या बाजूची दाढही किडलेली होती, ती बाईंनी केली तेव्हा मी शेजारी उभी होते. ओठाला एक आकडा अडकवला, दुसरी तार बारीक सुईला, म्हणजे फाइलला जोडली. विजेच्या अगदी सौम्य प्रवाहावरून यंत्र मुळाचं टोक ओळखतं. त्याला एपेक्स लोकेटर म्हणतात. सुईवर रबराची चकती असते, ती सरकवून लांबी पट्टीवर मोजली आणि टोकाच्या साधारण एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबल्या. दुधाच्या दाताची मुळं पक्का दात येण्याआधीच झिजू लागतात, तीही कधीकधी बाजूने, आणि ते एक्स-रेच्या सपाट फोटोत नेहमी दिसत नाही. म्हणून फोटो आणि यंत्र दोन्ही हवं.

तेव्हा विचारा: आधी फोटो काढणार का? लांबी कशाने मोजणार? पेस्ट मुळाबरोबर विरघळणारी आहे ना? पक्क्या दातात घालतात ती रबरी गुट्टा पर्चा इथे चालत नाही. नंतर स्टीलची कॅप बसवणार का? एका छोट्या फोटोतल्या किरणांना घाबरू नका, ते अगदी थोडे असतात. फोटोची प्रत मागून घ्या. आमच्या पहिल्या डॉक्टरकडे देण्यासारखी प्रतच नव्हती, म्हणून आज तो सरळ कानावर हात ठेवतो.

बाकी दोन वेळा ब्रश, रात्री गोड नको, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

काढलेल्या दाढेची जागा बुजू नये म्हणून आता तिथे तार बसवली आहे. ती तपासायला दर सहा महिन्यांनी कात्रज गाठावं लागतं. मुलीची शाळा बुडते, माझा रोज बुडतो, आणि त्याचा खर्च त्या दवाखान्याने एक रुपयाही दिलेला नाही.