माल आपला, मग भीती कसली?

साक्रीच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव चालला आहे असे समजा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि छोटे टेम्पो ओळीने उभे आहेत. व्यापारी मंडळी एका गाडीपाशी येतात. कोणी कांदा उचलून दाबून पाहतो. कोणी त्याची साल चोळून पाहतो. मग बोली सुरू होते. एक आकडा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पाच मिनिटेही लागत नाहीत. सौदा ठरतो आणि सारा घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो.

या वेळात मालाचा धनी काय करतो? पुष्कळदा तो काहीच करत नाही. चाकापाशी उभा राहतो. "काय दादा, द्यायचा ना?" असे कोणी विचारले की मान हलवतो. चार महिने त्याने रात्री-अपरात्री पाणी भरले, निंदणी केली, कांदा काढला, कापला, निवडला. आणि भाव ठरताना तोंडातून शब्द नाही!

हाच मनुष्य बैल घ्यायला गेला म्हणजे बघा. बैलाचे दात मोजतो. खूर पाहतो. चालवून पाहतो, परत उभा करतो. विकणाऱ्याने दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातल्या आठ खोडून काढतो. घेताना एवढी हुशारी, मग विकताना तोंडाला कुलूप का?

याचे कारण साधे आहे. बैलात काय बघायचे ते त्याला ठाऊक असते. म्हणून बोलायला धीर येतो. कांदा विकताना मात्र त्याला तीन गोष्टी ठाऊक नसतात. आपला माल भरतो किती? तो पिकवायला खर्च किती आला? आणि आज बाजारात भाव काय चालला आहे? समोरच्या व्यापाऱ्याला वजनाचा अंदाज असतो. भाव तर तो रोजच पाहतो. एक जाणता आणि एक अजाण समोरासमोर आले, की अजाण माणसाची जीभ जड होणारच. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही.

धीर यायचा तर खर्चाच्या हिशेबापासून सुरुवात करावी. समजा, एका एकराला रोपे, खत, औषध, मजुरी, वीज आणि गाडीभाडे मिळून ८०,००० रुपये लागले. घरच्या माणसांची मजुरीही यात धरा. बायको-मुलांनी कांदा कापला तो काही फुकट कापला नाही. कांदा निघाला ८० क्विंटल. ८०,००० ला ८० ने भागा. एका क्विंटलला १,००० रुपये खर्च आला. हा आकडा डायरीत लिहा आणि डायरी खिशात ठेवा. आता बोली ९०० वर थांबली तर क्विंटलमागे १०० रुपये बुडाले, आणि १,१५० ला गेली तर १५० सुटले. हे तिथेच, उभ्या उभ्या कळते. मग "द्यायचा ना?" या प्रश्नाला मान हलवण्याआधी माणूस क्षणभर थांबतो. तेवढे थांबणे फार मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. भरलेली गाडी भुईकाट्यावर जाते, माल खाली झाल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन्ही वेळचा आकडा स्वतः वाचायचा. समजा, भरलेली गाडी २,९५० किलो आणि रिकामी १,७०० किलो. वजाबाकी केली तर कांदा १,२५० किलो, म्हणजे साडेबारा क्विंटल. १,१५० च्या भावाने त्याचे १४,३७५ रुपये होतात. त्यातून हमाली, तोलाई असे जे काही कापले असेल ते हिशोबपट्टीवर लिहिलेले असते. एकेक ओळ वाचा. न कळलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे कशाचे, भाऊ?" आवाज चढवायची गरज नाही. फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने २०१६ साली ठरवले. ते ज्याला माहीत आहे, तोच पट्टीवर आडत दिसली तर विचारू शकतो.

आपल्या आजे-पणज्यांना एवढीही सोय नव्हती. त्या काळी पुष्कळ बाजारांत हत्त्याची पद्धत होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटे दाबायचे आणि भाव ठरवायचे. माल ज्याचा, त्याला फक्त रुमाल दिसायचा! पुढे नियंत्रित बाजार आले. महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. भाव चारचौघांत मोठ्याने बोलला जाऊ लागला. रुमाल गेला. पण धन्याला आकडा वाचता येत नसेल, तर उघड्यावर बोललेला भावही त्याला झाकल्यासारखाच.

आता एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. नुसत्या धिटाईने भाव वाढत नाही. बाजारात कांदा फार आला की भाव पडतो, मग तुम्ही कितीही ताठ उभे राहा. बोली पटली नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण तो हक्क वापरता आला पाहिजे. पावसाळी लाल कांदा फार दिवस टिकत नाही. तो परत नेला तर घरी सडतो, वर गाडीभाडे दुप्पट. उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत चार-पाच महिने राहतो. म्हणून ज्याच्या घरी चाळ आहे, त्याच्या "नाही"ला वजन असते. ज्याने सावकाराला उद्याचा वायदा केला आहे, त्याचा "नाही" घशातच राहतो. आत्मविश्वासावर व्याख्याने देणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

कोणी म्हणेल, कांदा तरी लोकांच्या ओळखीचा. पण माल नवा असला आणि लोकांचा त्यावर विश्वासच नसला तर काय करायचे? त्याचीही एक खरी हकीकत आहे. ती आपल्याच शेतातल्या नांगराची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी शेतीची अवजारे करायला घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. तेव्हा सारीकडे लाकडी नांगर चालत. लोखंडी फाळ जमिनीत खोल जातो, माती उलटी करतो, तणाची मुळे वर काढतो. पण शेतकरी म्हणू लागले, "लोखंडानं जमिनीला विष लागेल." त्या लोकांना हसू नका. वर्षाचे पोट ज्या जमिनीवर, तिच्याशी कोण खेळ करील?

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आठवडाभर भाजी खपली नाही तर आपण पाटी उचलून घरी बसतो. लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही. तो त्यांनी स्वतः घडवला होता. तो जमिनीत काय करतो हे त्यांना ठाऊक होते. लोकांचा "नाही" हा नांगराला नव्हता, भीतीला होता. भीती जायला वेळ लागतो. पुढे १९१० साली औंध संस्थानात ओसाड माळावर त्यांनी कारखाना आणि गाव वसवले. तेच किर्लोस्करवाडी. तिथला नांगर मग महाराष्ट्रभर गेला.

फार लांब जायलाही नको. साक्री तालुक्यातच पश्चिमेला डोंगरात बारीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. गावकऱ्यांनी आपले जंगल राखले आणि पुन्हा दाट केले. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. या गावात रानभाज्या रांधण्याची स्पर्धा भरते. बाया जंगलातल्या भाज्या रांधून आणतात आणि मांडतात. कोणती भाजी कोणत्या महिन्यात उगवते, तिचा पाला खायचा की कंद, हे त्यांना पुस्तकात शोधावे लागत नाही. भाज्यांबद्दल बोलायची वेळ आली की एरवी पदर तोंडाशी धरणारी बाईही थांबत नाही.

हेच ज्ञान बाजारातही चालते. पावसाळ्यात डोंगराकडची एखादी बाई टोपलीत बांबूचे कोवळे कोंब घेऊन बसलेली असते. गावातली बाई येते, कोंब हातात घेते, परत ठेवते.

"मावशी, हे कडू लागतं म्हणे?"

"लागतं की. नीट केलं नाही तर लागणारच," मावशी सांगते. "ताई, बारीक चिरा. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ते पाणी फेका. नव्या पाण्यात चांगलं उकडा, तेही पाणी फेका. मग कांदा-मिरची घालून परता."

"आणि तरी कडू लागलं तर?"

"तर पुढच्या बाजारी या. मी इथंच बसते."

ताईने दोन वाटे घेतले. पैसे मोजून दिले. मावशीने ते पुन्हा मोजले आणि कनवटीला लावले.