आभारात नाव राहिले, तेव्हा शरीरात काय घडते?

कार्यक्रम छान पार पडतो. आभार मानताना सर्वांची नावे घेतली जातात, तुमचे तेवढे राहून जाते. त्या क्षणी स्वतःकडे पाहा. कान तापतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. कुणी तुम्हाला हातही लावलेला नसतो, तरी शरीर संकट आल्यासारखे वागते.

असे का होते? धोका जाणवताच मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात आणि नाडी वाढते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते. डिकरसन व केमेनी यांनी २००४ मध्ये २०८ अभ्यास एकत्र तपासले. इतर लोक आपल्याला जोखत असतात आणि परिणाम आपल्या हाती नसतो, तेव्हा कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते, असे त्यांना आढळले.

‘मी विशेष आहे, मला मान मिळालाच पाहिजे’ ही धारणा म्हणजे आत्ममोह. तो जितका मोठा, तितके दुखावण्याचे प्रसंग अधिक. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या २०१२ मधील एका अभ्यासात, असा हक्क गाजवणाऱ्या तरुण मुलांमध्ये कॉर्टिसॉल एरवीही जास्त आढळले. मात्र हे वाचून कुणावर शिक्का मारू नका. निदान करणे मानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे. आपण आपल्यापुरते पाहावे.

अशा वेळी आपण हसून म्हणतो, “मला काही फरक पडत नाही.” हे भावना सांभाळणे नव्हे, दाबणे आहे. ग्रॉस व लेव्हेन्सन यांच्या १९९३ मधील प्रयोगात चेहऱ्यावर काहीच दिसू न देणाऱ्यांची आतली भावना कमी झाली नाही. उलट त्यांच्या त्वचेवरील घामाची प्रतिक्रिया वाढली.

मग काय करावे?

१. भावनेला नाव द्या. मनात म्हणा, “मला अपमान वाटतो आहे.”

२. श्वास हळू सोडा. घेताना चार मोजा, सोडताना सहा. लांब उच्छ्वासात व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती मंदावतो. पाच वेळा करा.

३. स्वतःला विचारा, “नाव घेतले असते, तर माझे काम अधिक चांगले झाले असते का?”

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. पण धडधड शांत होण्याआधी ते पटत नाही, म्हणून क्रम बदलू नका. आज रात्री अलीकडचा असा एक प्रसंग आठवा आणि या तीन पायऱ्या एकदा करून पाहा.