कठडा का वाकला?

आमच्या ओट्याला वडिलांनी थंडीत लोखंडी कठडा बसवला. ८ मीटरचा पाइप, दोन्ही टोकं भिंतीत सिमेंटने पक्की. वैशाखात पाइप वाकला अन् सिमेंट तडकलं. आजी त्यालाच धरून चालते! मी गुरुजींना विचारलं. त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. १ मीटर लोखंड १ अंश सेल्सियसने तापलं, की सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पहाटे १० अंश, उन्हात पाइप ६० अंश, फरक ५०.

८ × ५० × ०.०१२ = ४.८ मिलिमीटर.

एवढंसंच! पण सरकायला जागा नको? लोहारकाका बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात, ती याच कारणाने. आता एकच टोक पक्कं आहे. दुसरं भिंतीतल्या मोठ्या नळीत १० मिलिमीटर सांध ठेवून सोडलंय, मधल्या खांबांच्या कड्यांतून पाइप नुसता ओवलाय. आजी मात्र अजून आधी हलवून बघते.