भू-स्थानिक पृच्छा आणि समांतर प्रक्रिया

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातील एखाद्या रस्त्याचे रुंदीकरण करावयाचे आहे, असे समजा. रस्त्यालगतच्या १० मीटरच्या पट्ट्यात कोणकोणत्या मिळकती येतात, हा प्रश्न डेटाबेसला विचारणे म्हणजे भू-स्थानिक पृच्छा होय. या उत्तरावर लोकांची भरपाई अवलंबून असल्याने ते जलद आणि अचूक असणे अगत्याचे ठरते.

अशी पृच्छा दोन टप्प्यांत सोडविली जाते. प्रथम प्रत्येक मिळकतीला सामावणारा लहानात लहान आयत तपासून असंबद्ध मिळकती वगळतात. त्यासाठी अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ‘आर-ट्री’ ही सूचीरचना उपयोगी पडते. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या मिळकतींच्या प्रत्यक्ष सीमारेषा ताडून पाहतात. हे काम वेळखाऊ असल्याने ते अनेक प्रोसेसरांना एकाच वेळी वाटून दिले जाते. हीच समांतर प्रक्रिया. ‘पोस्टजीआयएस’ या मुक्त प्रणालीत ही सोय २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली.

खरा प्रश्न वाटणीचा आहे. शहराचे समान आकाराचे चौकोन पाडले, तर बाजारपेठेच्या दाट मोहल्ल्याचा चौकोन मिळकतींनी भरून जातो. चामुंडी टेकडीच्या वनक्षेत्राचा जवळजवळ रिकामा राहतो. एक प्रोसेसर राबतो, दुसरा स्वस्थ बसतो आणि अंतिम उत्तर मागे पडलेल्यासाठी खोळंबते. म्हणून दाट भागाचे लहान व विरळ भागाचे मोठे तुकडे करतात.

दुसरी अडचण सीमेवरची. दोन चौकोनांत पसरलेली मिळकत दोन्हीकडे मोजली गेली, तर भरपाई दोनदा लागेल. एकाच चौकोनात नोंदवली, तर दुसरीकडील रस्त्याशी तिची गाठच पडणार नाही आणि एखादे कुटुंब यादीतून सुटेल. यावर उपाय असा : नोंद दोन्हीकडे ठेवावी, मात्र मिळकतीचा आयत आणि पट्ट्याचा आयत यांच्या सामाईक भागाचा डावीकडील खालचा कोपरा ज्या चौकोनात पडेल, त्यानेच उत्तर द्यावे.

प्रोसेसर वाढविल्याने वेग अमर्याद वाढत नाही. ॲमडाल यांच्या १९६७ च्या नियमानुसार, १० टक्के काम विभागता येत नसेल तर वेग १० पटींपलीकडे जाऊ शकत नाही. अर्थशास्त्रातील घटत्या प्रतिफलाचीच ही आठवण होय.

ग्रामीण वस्त्यांसाठी २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना, तर शहरांसाठी २०२५ मध्ये ‘नक्शा’ कार्यक्रम सुरू झाला. अशा नोंदी वाढत असताना विद्यार्थ्यांनी एक सूत्र ध्यानात ठेवावे : क्षेत्राची समान वाटणी म्हणजे भाराची समान वाटणी नव्हे.