घरातले नियम आणि 'फादर येतील हं!'



घरभेटींच्या वेळी एक अनुभव मला वारंवार येतो. ओट्यावर चपला काढतो न काढतो तोच आतून आवाज येतो, "बघ, फादर आले! आता सांगते त्यांना, तू जेवत नाहीस ते." मूल आईच्या मागे लपते. मग आजी हुकूम सोडतात, "फादर, जरा ओरडा हो याला. मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही." मी हसून वेळ मारून नेतो. परवा मात्र एका घरातले मूल मला पाहून खरोखर रडायला लागले. हट्ट करणाऱ्या मुलांना फादर पिशवीत घालून चर्चमध्ये नेतात, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. त्याच रविवारी ते कम्युनियनच्या रांगेत आईच्या कडेवर होते. कपाळावर क्रूस काढायला मी हात पुढे केला, तर त्याने तोंड फिरवले. घरचे हसले. मला मात्र ते लागले.

मुलांना शिस्त कशी लावावी हे एका ब्रह्मचारी माणसाने सांगावे का, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. तरीही, आईबाबा जेव्हा फादर, पोलीस किंवा बागुलबुवा यांच्या नावाने मुलाला गप्प करतात, तेव्हा मूल काय शिकते याचा विचार करा. आईबाबांच्या शब्दाला स्वतःचे वजन नाही, हे ते शिकते. धाक दाखवणारा गेला की नियमही गेला, हेही शिकते. त्याहून वाईट म्हणजे "येशू रागावेल". ज्याला रात्रीच्या प्रार्थनेत आपण स्वर्गीय पिता म्हणायला शिकवतो, त्यालाच सकाळी दुधाच्या पेल्यासाठी पोलीस करून ठेवतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचावा लागला. तेव्हा तो कोरडा वाटला होता, आता पटतो. सद्गुण घेऊन कुणी जन्माला येत नाही, तंतुवाद्य वाजवत वाजवत माणूस वादक होतो तसे चांगली कृती पुन्हा पुन्हा करून ती अंगी बाणते, असे तो सांगतो. तीन वर्षांच्या मुलाला कारण कळण्याआधी सवय लागते. म्हणून नियम थोडे असावेत, पण रोजचे असावेत. सोमवारी 'नाही' आणि मंगळवारी पाहुणे आले म्हणून 'बरं, घे' असे झाले, तर मुलाला नियम कळत नाही, रडण्याची किंमत कळते.

मोबाईलचेच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन दिले. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तितके बरे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी, हेही त्यात आहे. आता आपल्या घरांकडे पाहू. बाबा लोकलने रात्री नऊला येतात, त्यांना मुलाशी खेळायचे असते, मूल बारापर्यंत जागे. आई म्हणते मोबाईल नको. दिवसभर मूल सांभाळतात त्या आजी, गुडघे दुखत असताना त्याच्यामागे किती धावणार? त्या मोबाईल लावून देतात. मी आजींना दोष देणार नाही. पण एका छपराखाली तीन कायदे झाले, की मूल बरोबर सर्वांत सैल कायद्याकडे जाते. मुलाला नियम सांगण्याआधी मोठ्यांनी एकदा, मूल झोपल्यावर, आपसात बोलून घ्यावे. दोन-तीनच गोष्टी ठरवाव्यात: जेवताना मोबाईल नाही, रोझरीच्या वेळी टीव्ही बंद, झोपायची वेळ अमुक.

आणि तो नियम मोठ्यांनाही लागू हवा. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथात बालपणीची आठवण सांगितली आहे. शाळेत मार बसू नये म्हणून लहानगा ऑगस्टीन देवाची विनवणी करी, आणि घरचे मोठे त्याच्या माराला हसत. ते एक टोचणारी गोष्टही लिहितात: मोठ्यांचे खेळ कामधंदा म्हणून खपतात, मुलांच्या खेळाला मात्र शिक्षा होते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे लिखाण आहे. आज बाबांच्या हातातला मोबाईल 'ऑफिसचं काम' असतो आणि पोराच्या हातातला 'नाद'!

मारण्याविषयी थोडक्यात. संत पौल कलस्सैकरांस पत्रात बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, त्यांचे मन खचेल. रागाने उठलेला हात मुलाला नियम शिकवत नाही, आपला राग शिकवतो.

माझीही एक चूक सांगतो. पूर्वी एका धर्मग्रामात मी नियम केला होता की धर्मशिक्षणाच्या वर्गाला उशीर झाला तर बाहेर उभे राहायचे. सात वर्षांचा एक मुलगा दर रविवारी बाहेर. मला वाटले, निगरगट्ट आहे. मग तो यायचाच थांबला. चौकशी केली तेव्हा कळले, आई नर्स, रात्रपाळी करून ती घरी पोहोचेपर्यंत त्याला आणायला कुणी नव्हते. जो नियम पाळणे त्या मुलाच्या हातातच नव्हते, त्याची शिक्षा मी त्याला देत होतो. घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, आत गेला आणि मला दाखवायला आपला खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन आला. नियम त्यानंतर बदलला. उशीर झाला तर मागच्या बाकावर बसायचे.

पुढच्या महिन्यात उरलेल्या घरभेटी सुरू होतील. तोवर घरात एक तरी नियम मोठ्यांनी मिळून ठरवून पाहा आणि मी आलो की मला सांगा, जमला नसेल तरी सांगा. मात्र लहानग्यांना माझे नाव धाकासाठी सांगू नका. आणि हो, मी पिशवी आणणार नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.

आपला,
धर्मगुरू